पाणी लिहिलं, *>#@ उमटलं

ब्राउझरच्या पांढऱ्या पानावर चारच चिन्हं होती: *>#@. कॉमिकमधला चिडलेला माणूस फुग्यात शिवी देतो ना, तशी. मी सर्व्हरला फक्त एक शब्द म्हणायला सांगितला होता: 'पाणी'.

आमच्या सोसायटीत पाण्याची वेळ रोज बदलते. टँकर कधी येतो, मोटर किती वेळ चालते, त्यावर वरच्या टाकीचा वॉल्व्ह कधी सोडायचा ते ठरतं. वॉचमन ती वेळ गेटजवळच्या फळ्यावर खडूने लिहितो. चौथ्या मजल्यावरून फळा दिसत नाही, म्हणून ग्रुपवर रोज सकाळी 'आज किती वाजता?' असं तीन-चार जण तरी विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत ते गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडलं जातं. म्हटलं, एक साधं पान करू. पत्ता उघडला की वेळ दिसली पाहिजे, बास.

हे काम पायथनमध्ये दहा ओळींत उरकतं, हे मलाही कळतं. पण नोकरीत मी दिवसभर जावा लिहितो आणि हॅस्केल शिकायचं कितीतरी दिवस डोक्यात होतं. दोनदा सुरुवात केली होती, दोन्ही वेळा मोनाड या हॅस्केलमधल्या अवघड कल्पनेच्या धड्यापाशी गाडी बंद पडली. या खेपेला धडे बाजूला ठेवून काहीतरी खरं चालवायचं ठरवलं. ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तर म्हणाला, "फळ्याच्या जागी हॅस्केल? खडू महाग झाला का रे?"

इन्स्टॉल करण्याबद्दल फार लिहीत नाही. जीएचसीअप नावाचं साधन कंपायलर (लिहिलेला कोड चालण्याजोगा करणारा) आणि कबाल हे पॅकेजचं अवजार दोन्ही आणून बसवतं. आधी सिस्टिमवर काय काय हवं त्याची यादीही ते दाखवतं. ती मी वाचली नाही. मग पहिल्याच बिल्डला लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) 'जीएमपी सापडत नाही' म्हणून अडून बसला. जीएमपी ही मोठमोठ्या पूर्णांकांचं गणित करणारी लायब्ररी. हॅस्केलच्या इंटिजरला आकाराची मर्यादा नसते, त्यामागे ही असते. तिचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकलं आणि पुढे सरकलो. पहिलं बिल्ड मात्र तब्येतीत चालतं, कारण सगळी अवलंबित पॅकेजेस तुमच्याच मशीनवर कंपाइल होतात. लॅपटॉपचा पंखा इतका फिरत होता की आई बाहेरून विचारून गेली, मिक्सर कुणी लावलाय म्हणून.

स्कॉटी नावाची सुटसुटीत फ्रेमवर्क आहे, बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. मी एक पायरी खाली उतरलो. डब्ल्यूएआय म्हणजे वेब ॲप्लिकेशन इंटरफेस, ॲप आणि सर्व्हर यांच्यातला करार, आणि त्यावर लिहिलेलं ॲप प्रत्यक्ष चालवणारा सर्व्हर म्हणजे वॉर्प. स्कॉटीच्या पोटातही हेच दोघं असतात. इथे मला पहिल्यांदा मजा आली. तुमचं अख्खं वेब ॲप म्हणजे एक फंक्शन. त्याला दोन गोष्टी मिळतात. एक, आलेली विनंती. दुसरी, 'उत्तर तयार झालं की ते याच्याकडे दे' असं सांगून हातात ठेवलेलं आणखी एक फंक्शन. तुमच्या फंक्शनने शेवटी जे परत करायचं ते असतं उत्तर पोचल्याची पावती, आणि ती पावती त्या दुसऱ्या फंक्शनच्याच खिडकीवर मिळते. म्हणजे उत्तर द्यायला विसरलात तर हातात पावती नाही, पावती नाही तर टाइप जुळत नाहीत, आणि टाइप जुळले नाहीत तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. जावामध्ये एका इफच्या फांदीत उत्तर लिहायचं राहून गेलं म्हणून मी रात्री जागलो आहे, त्यामुळे हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. (जुन्या ट्युटोरियलमध्ये ॲप थेट उत्तर परत करताना दिसतं. ते २०१४ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या आधीचं. मी अर्धा तास तेच कंपाइल करत बसलो होतो.)

मग फंक्शन लिहिलं. कोणतीही विनंती येवो, स्टेटस २०० (म्हणजे सगळं ठीक), मजकूर 'पाणी'. कंपायलर म्हणाला, नाही. तुम्ही दिलीत स्ट्रिंग, इथे हवी आहे बाइटस्ट्रिंग.

हॅस्केलमध्ये मजकुराचे पाच प्रकार रोजच्या वापरात भेटतात. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची यादी. टेक्स्ट म्हणजे तोच मजकूर आटोपशीर बांधलेला. बाइटस्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट, त्यात अक्षर-बिक्षर काही नाही. यातल्या शेवटच्या दोघांचे पुन्हा आळशी आणि तत्पर असे दोन-दोन भाऊ. नवख्या माणसाला हा छळ वाटतो. मलाही वाटला, आणि मी नवखा माणूस करतो तेच केलं: एररचा मजकूर सर्चमध्ये टाकला. जिकडेतिकडे एकच औषध. फाइलच्या डोक्यावर ओव्हरलोडेड स्ट्रिंग्ज हे एक्स्टेन्शन चालू करा. ते चालू केलं की अवतरणातला मजकूर जिथे जो प्रकार हवा तो आपोआप घेतो. एक ओळ टाकली. कंपायलर गप्प. प्रोग्राम चालू, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) ३०००, ब्राउझर उघडला, आणि *>#@.

आधी वाटलं फॉन्ट. मग वाटलं ब्राउझर. टर्मिनलमधून कर्ल या साधनाने तेच पान मागवून पाहिलं तर तिथेही *>#@. एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडण्याचा, नेहमीचा घोळ असा दिसत नाही. तो दिसतो तेव्हा चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं दिसतात, अक्षरांवर टोप्या चढतात. इथे चार स्वच्छ, नीटनेटकी, कीबोर्डवरची चिन्हं होती, आणि 'पाणी' या शब्दात युनिकोडच्या (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबाने बरोबर चारच खुणा आहेत: प, काना, ण, दुसरी वेलांटी. चाराला चार. हे योगायोगाने होत नाही.

वही काढली. युनिकोडमध्ये प चा क्रमांक २३४६. कान्याचा २३६६. ण २३३९. दीर्घ वेलांटी २३६८. आणि आस्की या इंग्रजी अक्षरं-चिन्हांच्या जुन्या तक्त्यात * चा क्रमांक ४२, > चा ६२, # चा ३५, @ चा ६४. वजाबाकी करून पाहिली. २३४६ वजा ४२, २३०४. २३६६ वजा ६२, २३०४. पुढचे दोनही २३०४. आणि २३०४ म्हणजे नऊ गुणिले २५६.

उलगडा झाला. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. ओव्हरलोडेड स्ट्रिंग्जने माझं अवतरण थेट बाइटस्ट्रिंगमध्ये कोंबलं, आणि कोंबताना प्रत्येक अक्षराच्या क्रमांकाला २५६ ने भागून नुसती बाकी ठेवली. ना एरर, ना वॉर्निंग. बाइटस्ट्रिंगच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण कागदपत्रं वाचणारा माणूस जीएमपीपाशीच अडला नसता. त्यात देवनागरीचं दुर्दैव असं की युनिकोडमधली तिची १२८ घरं नेमकी २३०४ पासून सुरू होतात, त्यामुळे बाकी नेहमी ० ते १२७ मध्ये पडते, म्हणजे बरोबर आस्कीच्या अंगणात. मराठीचं प्रत्येक अक्षर कुठल्या तरी अगदी कायदेशीर आस्की चिन्हात बदलतं. मी बंगाली किंवा गुजराती लिहिलं असतं तर बाकी १२८ च्या वर गेली असती, बाइट यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याची रूढ पद्धत) म्हणून अवैध ठरले असते आणि निदान कुणीतरी कुरकुर केली असती. आमची भाषा बिचारी निमूटपणे शिवी होऊन बाहेर पडली.

माझ्या डोक्यात हॅस्केलची ख्याती अशी होती की कंपाइल झालं म्हणजे काम झालं. चूक कंपायलरची म्हणवत नाही, कारण त्याने पहिल्यांदा अडवलं ते योग्यच होतं. अक्षरं आणि बाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकातून दुसरीत कसं जायचं ते सांग, एवढंच तो विचारत होता. उत्तर द्यायच्या ऐवजी मी त्याचं तोंड बंद केलं. खरं उत्तर छोटं होतं: मजकूर टेक्स्ट म्हणून लिहायचा आणि पाठवताना एनकोड-यूटीएफ-८ या फंक्शनमधून काढायचा. तसं केलं, टर्मिनलमध्ये 'पाणी' आलं. फोनवर मात्र डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चार पाय फुटलेलं एक वर्तुळ, असं आलटून पालटून दिसत होतं. हा तो ओळखीचा घोळ. उत्तरासोबत जाणाऱ्या कन्टेन्ट-टाइपच्या हेडरमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि मिटलं.

पुढची फजिती जावाच्या सवयीने झाली. पोर्ट ३००० वर दुसरं काही चालवायचं होतं, म्हणून वॉर्पला ८०८० द्यायचं ठरवलं. सेटपोर्ट ८०८०, डिफॉल्ट सेटिंग्ज, असं लिहून त्याला एक नाव दिलं, आणि खालच्या ओळीत डिफॉल्ट सेटिंग्ज घेऊनच सर्व्हर चालवला. अर्थात तो ३००० वरच उभा राहिला. माझ्या हाताला सवय अशी की सेट म्हटलं की आतली वस्तू बदलते. इथे काही बदलत नाही. सेटपोर्ट जुन्या सेटिंग्जना बोटही लावत नाही, पोर्ट बदललेली नवी सेटिंग्ज हातात देतं, आणि ती मी टेबलावर ठेवून निघून गेलो होतो. कंपायलर वॉर्निंग देत होता, 'हे नाव दिलंत पण वापरलं नाहीत'. ती ओळ मी चारदा तरी पाहिली असेल, वाचली पाचव्यांदा.

पाण्याची वेळ एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायची आणि पान मागितलं की ती वाचून दाखवायची, असा बेत होता. पहिल्या प्रयत्नात फाइल वाचण्याची ओळ मेनमध्ये पडली, म्हणजे सर्व्हर सुरू होताना एकदाच. दुसऱ्या दिवशी पान आदल्या दिवशीचीच वेळ सांगत होतं. ओळ उचलून विनंतीच्या फंक्शनमध्ये नेली. वेळेच्या ओळीभोवती मजकूर गुंफणारं फंक्शन मात्र शुद्ध राहिलं. त्याला ना फाइल माहीत, ना नेटवर्क. ओळ द्या, पान घ्या. त्यामुळे सर्व्हर न चालवता जीएचसीआयमध्ये (एकेक ओळ टाइप करून लगेच उत्तर देणाऱ्या हॅस्केलच्या खिडकीत) त्याला हवं तसं खेळवता येतं, आणि मोनाडच्या धड्यात न उमगलेली गोष्ट मला तिथे उमगली. आयओ (इनपुट-आउटपुट) असा टाइप असणं म्हणजे 'हा गडी घराबाहेर जातो' अशी पाटी. बाकीचे घरातच असतात.

आता हे सगळं भाड्याच्या एका स्वस्त सर्व्हरवर न्यायचं. तिथे कंपाइल करणं शक्य नव्हतं. रॅम एक जीबी, आणि जीएचसीला, म्हणजे हॅस्केलच्या कंपायलरला, तेवढ्यात ठसका लागतो. लॅपटॉपवर बनलेली बायनरी उचलून तिकडे ठेवली तर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची २.३४ आवृत्ती सापडत नाही. लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स २२.०४, तिकडे जुनी २०.०४. सर्व्हर रिकामाच होता, पुसून नवी उबुंटू टाकली.

मग सिस्टिमडीची (लिनक्सवर प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस फाइल लिहिली. सर्व्हिस पडली की पुन्हा उठव, असंही त्यात सांगितलं. चालू केली. पडली. उठली. पडली. पाच वेळा उठून पडल्यावर सिस्टिमडीने 'फार घाईघाईने पुन्हा पुन्हा सुरू होतेय' असं म्हणून नाद सोडला. लॉगमध्ये कारण होतं: स्टँडर्ड आउटपुटवर \२३६० हे अक्षर एनकोड करता येत नाही.

२३६० कोण? जीएचसीआयला विचारलं की हा क्रमांक अक्षर म्हणून दाखव. त्याने दाखवलं: '\२३६०'. हॅस्केलचं शो हे फंक्शन आस्कीबाहेरचं काहीही असं आकड्यांतच छापतं. (तुमचं पूर्ण नाव शो करून पाहा, एखाद्या कैद्याच्या बिल्ल्यासारखं दिसतं.) पुट-स्टर-लाइनने छापल्यावर कळलं, स. पोर्ट ताब्यात आल्यावर सर्व्हरने 'सर्व्हर सुरू' असं म्हणावं म्हणून मी एक ओळ घातली होती, तिचं पहिलं अक्षर. माझ्या टर्मिनलला यूटीएफ-८ येतं. त्या नव्या मशीनवर मात्र लोकेलच (कुठली भाषा, कुठलं एन्कोडिंग ही सेटिंग) नेमलेलं नव्हतं, त्यामुळे हॅस्केलने आस्की धरली, आणि आस्कीत स नाही.

इथे मी पुन्हा तेच केलं. खरं कारण न मिटवता 'सर्व्हर सुरू' पुसून त्या जागी इंग्रजी ओळ टाकली. सर्व्हिस उठली आणि उभी राहिली. मी ब्राउझर उघडला. पांढऱ्या पानावर 'समथिंग वेंट राँग'. हे वॉर्पचं ठरलेलं उत्तर. विनंती हाताळताना अपवाद फेकला गेला तर वॉर्प पाचशेचा स्टेटस आणि हे वाक्य पाठवतो, पण स्वतः पडत नाही. लॉगमध्ये: २२४ पासून सुरू होणारे बाइट वाचता येत नाहीत. २२४ ची ओळख लगेच पटली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम २२४. म्हणजे आता पाण्याची फाइल वाचताना तेच लोकेल आडवं आलं होतं. दारातून हाकललेला स खिडकीतून आत.

या वेळी नीट बसलो. सर्व्हिस फाइलमध्ये लँग ही सेटिंग सी.यूटीएफ-८ केली. पण उद्या दुसऱ्या मशीनवर मी ती विसरणार याची खात्री असल्याने कोडमध्येही बंदोबस्त केला. फाइल अक्षरं म्हणून नव्हे तर बाइट म्हणून वाचायची आणि डीकोड-यूटीएफ-८ स्वतः म्हणायचं, म्हणजे लोकेलला विचारायचा प्रश्नच येत नाही. स्टँडर्ड आउटपुटचं एन्कोडिंगही मेनच्या पहिल्या ओळीत ठरवून टाकलं, आणि 'सर्व्हर सुरू' हे शब्द जागेवर परत आणले.

तरी लॉगमध्ये ते दिसेनात. सर्व्हर चालतोय, पान दिसतंय, लॉगमध्ये चकार शब्द नाही. ही भानगड बफरिंगची निघाली. आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर हॅस्केल ओळ संपताच बाहेर ढकलतो. टर्मिनल नसेल तर पोतं भरेपर्यंत थांबतो, आणि माझ्या दोन शब्दांनी पोतं काही भरत नव्हतं. एरर मात्र लगेच दिसत होते, कारण ते दुसऱ्या वाटेने, न साचता जातात. लाइन बफरिंगची एक ओळ आणखी घातली. मेनच्या सुरुवातीला आता दोन ओळी आहेत ज्यांचा पाण्याशी काही संबंध नाही, आणि पहिली काढली तर लोकेल नसलेल्या मशीनवर पाणी बंद पडतं.

राहिलं एन्जिनएक्स, म्हणजे पुढे उभा राहून विनंत्या आत पाठवणारा सर्व्हर. वेबचं नेहमीचं पोर्ट ८० थेट घ्यायला गेलो तर साध्या युजरला परवानगी नाही, ते बरोबरच आहे. वॉर्पला १२७.०.०.१ वर बांधलं म्हणजे तो बाहेरच्यांना थेट दिसत नाही, पुढे एन्जिनएक्स, सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र सर्टबॉटकडून. हे सगळीकडे सारखंच असतं.

ग्रुपवर दुवा टाकला. सेक्रेटरी काकांचा लगेच फोन. "अरे, छान केलंस. पण मला सांग, ते रोज लिहिणार कोण?" मी म्हटलं, "काका, वॉचमनकडून वेळ घेऊन मी लिहीन की." तेव्हापासून रोज रात्री वॉचमन फळ्याचा फोटो मला पाठवतो आणि मी फाइलमध्ये टंकतो. प्रश्न विचारणारे आता चारावरून एकावर आले आहेत. त्या एक काकू, त्यांचा फोन जुना आहे, त्यांना मी घरी जाऊनच सांगतो.

गेल्या गुरुवारी टँकर आलाच नाही. वॉचमनने कोऱ्या फळ्याचा फोटो पाठवला. रात्री अकरा वाजता मी सर्व्हरवर शिरलो, फाइल उघडली, जरा विचार केला आणि हाताने टाइप केलं: *>#@. सेव्ह करून फोनवर पाहिलं, एकही चिन्ह इकडचं तिकडे झालं नव्हतं. सकाळी खालच्या मजल्यावरच्या दादांचा मेसेज आला, "समजलं. आम्ही दोन ड्रम भरून ठेवलेत, बादली घेऊन ये."